लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला कोणता मॉनिटर घ्यावा: अल्ट्रावाइड, फोर-के की दोन साधे?

विचारलेलं थोडक्यात असं: लग्नाचे, साखरपुड्याचे आणि अधूनमधून छोट्या जाहिरातींचे व्हिडिओ घरीच एडिट करतो. आतापर्यंत सगळं काम लॅपटॉपच्या पंधरा इंची पडद्यावर केलं. प्रीमिअर आणि दाविंची रिझॉल्व्ह ही एडिटिंगची दोन्ही सॉफ्टवेअर वापरतो, विंडोजवर. आता ३४ इंची अल्ट्रावाइड घ्यावा, २७ इंची फोर-के घ्यावा, की दोन साधे मॉनिटर शेजारी शेजारी लावावेत? बजेट मध्यम आहे आणि एकदा घेतला की काही वर्षं बदलायचा नाही.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. एकच मॉनिटर घ्यायचा तर २७ इंची, १६:९ आकाराचा, सपाट, आयपीएस पॅनेलचा (कडेने बघितलं तरी रंग टिकवणारा पडद्याचा प्रकार) आणि कारखान्यातूनच रंग जुळवून आलेला घ्या. रिझोल्यूशन किमान २५६०×१४४० हवं. ग्राफिक कार्ड आणि खिसा दोन्ही तयार असतील तर फोर-के, म्हणजे ३८४०×२१६०. ३४ इंची अल्ट्रावाइड उत्तम साधन आहे, पण शेजारी चित्र तपासायला दुसरा भरवशाचा पडदा असेल तरच. दोन स्वस्त मॉनिटर घेण्यापेक्षा एक चांगला मॉनिटर आणि सोबतीला तुमचाच लॅपटॉप, हे केव्हाही बरं.

एडिटिंगच्या टेबलावर दोन वेगळी कामं चालतात. एक कापाकापीचं: क्लिप शोधणं, ट्रॅक रचणं, गाणं बसवणं. दुसरं निवाड्याचं: शॉट गडद झालाय का, नवरीचा चेहरा लालसर दिसतोय का, फोकस सुटलाय का. रुंदी पहिल्या कामाला उपयोगी पडते. दुसऱ्या कामाला खरा रंग लागतो, पडदाभर सारखा उजेड लागतो आणि पुरेसे पिक्सेल लागतात. गिऱ्हाइकाला तुमची टाइमलाइन (क्लिप आणि आवाज ओळीने मांडायची पट्टी) कधीच दिसत नाही, चित्र दिसतं. म्हणून पैसे आधी चित्राकडे वळवा.

आता मापं बघू. ३४ इंची अल्ट्रावाइडची उंची आणि २७ इंची साध्या मॉनिटरची उंची जवळपास सारखीच असते, साधारण साडेतेहतीस सेंटिमीटर. रुंदी मात्र ६० सेंटिमीटरच्या जागी ८० होते. पिक्सेल आडवे २५६० ऐवजी ३४४० मिळतात, उभे १४४० तेवढेच राहतात. तासाभराच्या विवाहपटाची टाइमलाइन त्यावर ऐसपैस पसरते आणि सतत मागेपुढे सरकवावी लागत नाही, हे सुख खरं आहे. पण ट्रॅक रचले जातात एकावर एक. तीन कॅमेरे, मंगलाष्टकांचा माइकवरचा आवाज, सनई, पार्श्वसंगीत, वर नावांच्या पट्ट्या असे सात-आठ ट्रॅक सहज होतात आणि त्यांना उंची लागते. ती अल्ट्रावाइड वाढवून देत नाही. म्हणूनच जुने १९२०×१२०० चे १६:१० मॉनिटर अनेक एडिटरांनी सोडले नाहीत. पूर्ण १०८० ओळींचं चित्र दाखवूनही त्यांच्यावर खाली १२० ओळी उरतात आणि प्लेअरची पट्टी तिथे आरामात मावते.

दुसरी अडचण पूर्ण पडद्यावर चित्र बघताना येते. तुमचं चित्र १६:९ चं. ३४४०×१४४० च्या पडद्यावर ते २५६०×१४४० इतकीच जागा घेतं, दोन्ही बाजूंना ४४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या उरतात. म्हणजे चित्र तपासताना ३४ इंची मॉनिटर पुन्हा २७ इंचीच होतो, फोर-के फुटेज पिक्सेलला पिक्सेल दाखवूही शकत नाही. सिनेमास्कोपच्या जवळच्या, २.३९:१ आकाराच्या फिल्म करत असाल तर तो पडदा काठोकाठ भरतो, पण लग्नाच्या कामात तो प्रसंग क्वचितच.

अल्ट्रावाइड घेणाऱ्यांसाठी एक सापळा आहे तो सांगून ठेवतो. दुकानात ३४ इंचीच, पण बऱ्याच कमी किमतीत मिळणारा मॉनिटर दिसला की त्याचं रिझोल्यूशन वाचा. ते बहुधा २५६०×१०८० असतं. एका इंचात जेमतेम ८२ पिक्सेल. हीच घनता २७ इंची फुल-एचडी मॉनिटरची. इतक्या विरळ पिक्सेलवर देवनागरी वाचताना त्रास होतो: ‘चि. सौ. कां.’ मधला अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा बारीक फरक धूसर होतो आणि नावातली चूक एक्सपोर्ट झाल्यावर मोठ्या टीव्हीवर लक्षात येते. नवरा-नवरीच्या नावातली वेलांटी चुकली तर घरचे लोक ती वर्षानुवर्षं बघणार. २७ इंचावर २५६०×१४४० असेल तर एका इंचात १०९ पिक्सेल येतात, ३४ इंची ३४४०×१४४० मध्येही जवळपास तेवढेच. कामाला ही घनता पुरते. २७ इंची फोर-केमध्ये १६३ येतात. अक्षरं छापल्यासारखी दिसतात, पण मेनू इतके बारीक होतात की विंडोजचं स्केलिंग १५० टक्क्यांवर न्यावं लागतं. तसं केलं की पॅनेल आणि मेनू मांडायला जागा २५६०×१४४० इतकीच उरते. फोर-के घेऊन टाइमलाइनला जागा वाढेल ही समजूत २७ इंचावर खरी ठरत नाही. वाढतो तो चित्राचा तपशील. जागा आणि तपशील दोन्ही हवे असतील तर फोर-के ३२ इंचीवर घ्या. तिथे घनता १३८ होते आणि सव्वाशे टक्के स्केलिंगवर काम भागतं.

हल्ली प्रत्येक लग्नासोबत रील मागतातच. रील उभं, १०८०×१९२०. ते १४४० ओळींच्या कुठल्याही पडद्यावर पूर्ण आकारात मावत नाही, लहान करूनच बघावं लागतं. फोर-केच्या २१६० ओळींवर मावतं. यावर स्वस्त उपाय असा की जुना २४ इंची फुल-एचडी आयपीएस मॉनिटर आणि फिरणारा स्टँड घ्यायचा आणि तो उभा करायचा. बरोबर १०८०×१९२० चा पडदा तयार होतो, रील अंगठ्याएवढं नव्हे तर भरपूर मोठं दिसतं. उभा करायचा मॉनिटर टीएन पॅनेलचा मात्र नको. आडवा असताना वरून-खालून बघितल्यावर जो रंग बदलतो, तो उभा केल्यावर डावी-उजवीकडून बदलतो आणि दोन डोळ्यांना दोन छटा दिसतात.

रंगाच्या बाबतीत जरा थांबतो, कारण तुमच्या कामाचं नाव होतं किंवा जातं ते इथेच.

वेबवर, फोनवर आणि टीव्हीवर जाणाऱ्या साध्या व्हिडिओचं रंगमान, म्हणजे रंगांची ठरलेली मर्यादा, ‘रेक. ७०९’ आहे. कॉम्प्युटरच्या एसआरजीबीचे मूळ रंग आणि पांढरा रंग तेच आहेत, फरक गॅमाच्या, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढतो त्याच्या, वक्रात. म्हणून मॉनिटर एसआरजीबीचे १०० टक्के रंग दाखवतो का, हा पहिला प्रश्न. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बऱ्याचदा ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असतं. ते मोजमाप १९५३ च्या अमेरिकन मानकावरचं आहे. त्याच्या ७२ टक्के क्षेत्र म्हणजे साधारण एक पूर्ण एसआरजीबी. तेव्हा ४५ टक्क्यांच्या पडद्यावर एसआरजीबीचे तीनातले जेमतेम दोन हिस्से रंग दिसतात. आता त्या पडद्यावर हळदीचा कार्यक्रम एडिट करायला बसा. हळद फिकट दिसते, झेंडूची तोरणं मातकट दिसतात, कुंकू विटकरी वाटतं. एडिटर सॅच्युरेशन वाढवतो. मग तीच फिल्म नवरीच्या मावशीच्या ओएलईडी फोनवर उघडते आणि हळद नारिंगी पेटलेली, चेहरे तांबूस, शालूच्या लालात घडीचा मागमूस नाही. चूक कॅमेऱ्याची नसते.

याच्या उलट चूकही तितकीच होते. बरेच नवे मॉनिटर डीसीआय-पी३ या सिनेमाच्या, एसआरजीबीहून रुंद रंगमानाचे ९५ टक्के रंग दाखवतात आणि जाहिरातीत तो मोठा गुण म्हणून मिरवतात. असा मॉनिटर मूळ मोडवर ठेवला तर रेक. ७०९ चा लाल पी३ च्या लालाइतका भडक दिसतो. एडिटर घाबरून सॅच्युरेशन उतरवतो आणि गिऱ्हाइकाकडे निस्तेज फिल्म जाते. म्हणून रुंद रंगमानाचा मॉनिटर घेतला तर त्यात एसआरजीबी किंवा रेक. ७०९ चा मोड हवाच, आणि त्या मोडमध्ये ब्राइटनेस बदलता आला पाहिजे. गेमिंगसाठी बनवलेल्या अनेक मॉनिटरमध्ये एसआरजीबी मोड लावला की ब्राइटनेसची कळ गोठते. घेण्याआधी मेनूत जाऊन एवढं एक बघाच.

तुम्ही विंडोजवर रिझॉल्व्ह वापरता, म्हणून हे आणखी महत्त्वाचं. प्रीमिअरमध्ये ‘डिस्प्ले कलर मॅनेजमेंट’चा पर्याय आहे. तो चालू केला की प्रीमिअर विंडोजमधलं मॉनिटरचं आयसीसी प्रोफाइल (त्या मॉनिटरच्या रंगांची नोंद असलेली फाइल) वाचून चित्र दाखवतो. विंडोजवरचा रिझॉल्व्ह ते प्रोफाइल वाचत नाही. तिथे व्ह्यूअरला, म्हणजे चित्र दिसतं त्या खिडकीला, वेगळा ‘लट’ (LUT, रंग बदलून देणारा तक्ता) लावावा लागतो, नाहीतर मॉनिटर स्वतःच खरा असावा लागतो. एकच फिल्म दोन सॉफ्टवेअरमध्ये वेगळी का दिसते, या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं. कारखान्यातून जुळवून आलेला, ‘डेल्टा ई २ पेक्षा कमी’ (डेल्टा ई म्हणजे रंगातल्या चुकीचं माप) असं प्रमाणित केलेला आणि मोड लावला की त्या रंगमानात बसणारा मॉनिटर मी पुन्हा पुन्हा सुचवतो तो यासाठी. असूसची प्रोआर्ट, बेनक्यूची पीडी, डेलची अल्ट्राशार्प या मालिका अशा कामासाठीच आहेत. प्रोआर्टमधला पीए२७८क्यूव्ही हा २५६०×१४४० चा, पूर्ण एसआरजीबी दाखवणारा मॉनिटर मध्यम बजेटच्या कामाला शोभतो.

कारखान्यातली जुळवणी कायम टिकत नाही, बॅकलाइट जुना होतो तसा पांढरा रंग सरकतो. कॅलिब्राइट किंवा डेटाकलर कंपनीचं रंगमापक यंत्र लावून वर्षातून दोन-तीनदा मॉनिटर तपासावा. एकट्याने घेणं जड जात असेल तर गावातल्या तीन-चार एडिटरांनी मिळून एक घ्यावं. ते रोज लागत नाही. लक्ष्य ठेवा: पांढरा डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा ठरलेला पांढरा), गॅमा उजेडाच्या खोलीत २.२ आणि अंधाऱ्या खोलीत २.४, उजेड १०० ते १२० निट (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप).

या शेवटच्या आकड्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. नवा मॉनिटर डब्यातून निघतो तो अडीचशे-तीनशे निटवर झगझगत. त्यावर सावल्यांमधलं सगळं स्पष्ट दिसतं, म्हणून एडिटर फिल्म गडद ठेवतो. मग घरी टीव्हीवर ‘व्हिडिओ काळा आलाय’ असा फोन येतो. ब्राइटनेस उतरवा, दोन दिवस मंद वाटेल, मग डोळा बसतो. त्याचबरोबर खोलीही बघा. खिडकी समोर नको, पाठीमागेही नको, बाजूला असावी आणि तिला जाड पडदा असावा. मॉनिटरमागच्या भिंतीवर ६५०० केल्विनचा मंद दिवा सोडा. भिंत गुलाबी किंवा पोपटी असेल तर निदान मॉनिटरमागचा भाग करडा रंगवून घ्या. शेजारच्या रंगाने डोळा फसतो आणि ते कुठलंही यंत्र दुरुस्त करत नाही.

पॅनेलचं थोडक्यात. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत काळा रंग करडा वाटतो, पण बाजूने बघितलं तरी चेहऱ्याचा रंग टिकतो. व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलचा कॉन्ट्रास्ट ३०००:१ आणि पुढे, काळा छान, पण कडेने बघितल्यावर छटा बदलतात. ३४ इंची रुंद व्हीएसमोर जवळ बसलात की दोन्ही टोकं तुम्ही कडेनेच बघत असता. सिनेमा बघायला ठीक, त्वचेचा रंग ठरवायला नको. डेलच्या काही अल्ट्राशार्पमध्ये येणारं ‘आयपीएस ब्लॅक’ २०००:१ किंवा त्याहून पुढे जातं आणि तो मधला मार्ग मला आवडतो. ओएलईडीवर चित्र अप्रतिम दिसतं, पण एडिटिंगमध्ये टाइमलाइन, मेनू आणि खालची पट्टी तासन् तास जागची हलत नाहीत आणि त्यांचा डाग पडद्यावर बसण्याची भीती असते. एकमेव मॉनिटर म्हणून मी तो सुचवणार नाही. वक्रता अल्ट्रावाइडला लागते, पण सौम्य असावी. १०००आर म्हणजे एक मीटर त्रिज्येचा वळसा. त्यावर मांडवाचे खांब आणि क्षितिज सरळ आहेत की नाही हेच कळेनासं होतं.

एचडीआर म्हणजे जास्त झगझगीत उजेड आणि जास्त गडद काळा दाखवणारं चित्र, पण ‘एचडीआर४००’ या शिक्क्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. त्यात उजेडाचं शिखर ४०० निट असलं तरी चालतं, पडद्याचे भाग वेगवेगळे मंद करण्याची सोय सक्तीची नाही. लग्नाच्या कामात विंडोजचं एचडीआर बंदच ठेवा.

रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने दाखवतो ते, हा गेमवाल्यांचा विषय म्हणून एडिटर सोडून देतात. आपल्याकडे मात्र त्याला वेगळं महत्त्व आहे. भारतात वीज ५० हर्ट्झची आणि टीव्हीची परंपरा ‘पाल’ (PAL) या मानकाची, म्हणून लग्नाचं शूटिंग बहुतेक २५ किंवा ५० फ्रेमवर होतं. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर २५ फ्रेम समान वाटल्या जात नाहीत. काही फ्रेम दोनदा, काही तीनदा, अशा दाखवल्या जातात. वरात पॅन करताना, ड्रोन मांडवावरून सरकताना हिसके दिसतात. एडिटरला वाटतं शॉटच खराब आहे आणि तो चांगल्या शॉटवर स्टॅबिलायझर चढवतो. मॉनिटर ७५ किंवा १०० हर्ट्झवर चालत असेल तर २५ च्या शूटिंगची प्रत्येक फ्रेम बरोबर तीनदा किंवा चारदा दिसते आणि हिसका जातो. वर सांगितलेला पीए२७८क्यूव्ही ७५ वर चालतो. तुमच्याकडे ६० चाच असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० मिळतो का ते बघा. २४ फ्रेमवर शूट करणाऱ्यांना १२० हर्ट्झ सोयीचा.

केबलचं आधी विचारा, बिल नंतर करा. लॅपटॉपवरचं एचडीएमआय १.४ असेल तर फोर-के फक्त ३० हर्ट्झवर चालतं आणि माऊस चिखलातून ओढल्यासारखा हलतो. फोर-के ६० ला एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं. यूएसबी-सीने चित्रही जातं आणि ६५ किंवा ९० वॅटची वीजही लॅपटॉपला मिळते, पण तुमच्या लॅपटॉपचं ते भोक चित्र पाठवतं का हे त्याच्या माहितीपत्रकात तपासा, सगळी पाठवत नाहीत. जोडल्यावर काळा फिका किंवा सावल्या बुजलेल्या दिसल्या तर ग्राफिक कार्डच्या सेटिंगमध्ये एचडीएमआयची रेंज ‘फुल’ आहे की ‘लिमिटेड’ ते बघा आणि मॉनिटरवरही तीच ठेवा. पॅनेल बिघडलंय असं समजून परत केलेल्या मॉनिटरांमागे कधी कधी एवढाच घोळ असतो.

तुमच्या बाबतीत जोडणी अशी सुचवतो. २७ इंची चांगला मॉनिटर समोर, लॅपटॉप बाजूला. लॅपटॉपवर बिन (क्लिपचे कप्पे) आणि फाइलींची यादी, समोर टाइमलाइन आणि व्ह्यूअर, तपासायच्या वेळी चित्र पूर्ण पडद्यावर. प्रीमिअरमध्ये ‘मर्क्युरी ट्रान्समिट’ने ते एका कळीवर होतं. घरातला टीव्ही सोबतीला घ्या, कारण गिऱ्हाईक तिथेच बघणार आहे. त्यावर ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा, मोशन स्मूदिंग, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि शार्पनेस बंद करा. पुढे कामं वाढली की ३४ इंची अल्ट्रावाइड टाइमलाइनसाठी आणा आणि आजचा २७ इंची चित्रासाठी बाजूला घ्या. त्या टप्प्यावर ब्लॅकमॅजिक कंपनीची अल्ट्रास्टुडिओ मॉनिटर ३जी ही चित्र बाहेर पाठवणारी छोटी पेटी, किंवा डेस्कटॉप असेल तर डेकलिंकचं कार्ड लावलं तर रिझॉल्व्हचा सिग्नल विंडोजला वळसा घालून थेट पडद्यावर जातो आणि विंडोजमुळे होणारे रंगाचे वाद मिटतात. अल्ट्रास्टुडिओला लॅपटॉपवर थंडरबोल्ट हा वेगवान जोडणीचा पोर्ट लागतो, हे ध्यानात असू द्या.

टेबल किमान ७५ सेंटिमीटर खोल हवं, अल्ट्रावाइडला त्याहून थोडं जास्त. मॉनिटर यूपीएसवरच जोडा.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा, गावातल्या दुकानात करा की ऑनलाइन, तपासणी तीच. पेनड्राइव्हवर स्वतःचं फुटेज न्या: एक हळदीचा शॉट, एक रात्रीच्या वरातीचा, एक पैठणीच्या जरीचा जवळून घेतलेला. सोबत पूर्ण काळी, पूर्ण पांढरी आणि करड्या छटांची एक पट्टी अशा तीन प्रतिमा. काळ्यावर दिवे मालवून कडांमधून उजेड गळतो का बघा, पांढऱ्यावर कोपरे पिवळे पडतात का आणि एखादा पिक्सेल मेलाय का बघा, करड्या पट्टीवर पायऱ्या किंवा गुलाबी-हिरव्या झाका दिसतात का बघा. मेलेल्या पिक्सेलबाबत प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात. किती असले तर बदलून देतात हे बिल होण्याआधी लेखी विचारा. ऑनलाइन घेतलात तर परत देण्याची मुदत संपण्याआधी ही तपासणी उरका, आणि तोवर खोका व आतले थर्माकोल फेकू नका.